दोन पात्यांमधला पिंजरा

भावोजी, तुमच्या सुतारकामाला मी लग्न होऊन आल्यापासून नावं ठेवत आले. पहिला पाट तुम्ही केलात तो असा डुगडुगायचा, की तुमचे थोरले बंधू जेवायला बसले म्हणजे एक हात ताटाशी आणि दुसरा भुईला टेकून बसत. मी म्हटलं होतं, "या पाटावर बसलं की वेगळी शतपावली नको." तुम्ही रागावला नाहीत. जेवणं उरकल्यावर पाट उताणा केलात, खालच्या दोन्ही पट्ट्या ठोकून काढल्यात, फळीत नव्यानं खाचा पाडल्यात आणि पट्ट्या त्यांत घट्ट सरकवल्यात. मग त्यावर उभे राहून मला म्हणालात, "वहिनी, आता हलवून दाखवा." मला हलवता आला नाही. तसं कबूल मात्र केलं नाही. "बरा आहे," एवढंच म्हटलं.

बरा आहे, यापलीकडे तुमच्या कोणत्याच कामाच्या बाबतीत मी कधी गेले नाही. दीर-भावजयीत चालतं तसलं ते बोलणं होतं आणि तुम्हाला ते कळत होतं, असं मी धरून चालले. आता विचारायचं कोणाला?

मरीमुळं आम्ही गावाबाहेर माळावर आहोत. टेकडीच्या अंगाला बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांची रांग घातली आहे, त्यातली एक आमची. घराची कौलं उतरवून ठेवली आहेत, भिंतींना चुना मारलाय, दाराला दरबारचं कुलूप आहे. तुमची करवत, पटाशी, रंधा सगळं आत राहिलं. हे माझ्याशी फारसं बोलत नाहीत, कोणाशीच बोलत नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी खांदा द्यायला माणसं मिळेनात, ते यांच्या मनातून जात नाही. धोंडी बरी आहे. हे लिहितानाही माझा हात अडतो. बरी आहे म्हटलं की दृष्ट लागते असं वाटतं.

तुम्हाला माझी भीती ठाऊक होती, इतर कोणाला इतकी नव्हती. मागच्या खेपेस गाठीचा ताप आला तेव्हा आपण असेच झोपडीत आलो होतो, पौषात. माझा पहिला मुलगा त्या थंडीत गेला. त्याला गाठ नव्हती, ताप नव्हता. नुसती छाती भरली आणि गेला. दुसरा तर धारला माहेरी जन्मला आणि नाव ठेवण्याआधीच गेला. म्हणून तिसरीचं नाव धोंडी ठेवलं, दगडधोंड्याकडे कोणी बघत नाही म्हणून. लोकांना मरीचं भय असतं. मला मरीचं होतं आणि झोपडीचंही होतं, आणि कोणतं जास्त ते मला सांगता येत नव्हतं. आपल्या बाजूला नियम असा, की घरात उंदीर मरून पडला की घर रिकामं करून माळावर जायचं. थोरल्या पातीचा, म्हणजे आपल्या बाजूच्या दरबारचा, आरोग्याकडचा माणूस घरोघर येऊन कणग्यांमागं बघायचा. त्याची काठी ओसरीवर वाजली की मी धोंडीला कडेवर घ्यायची.

आपल्या या गावाची तऱ्हा माझ्या आईला कधी उमगली नाही. एकाच गावात दोन राजे. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. एक भाऊ थोरलीच्या दप्तरात, दुसरा धाकटीच्या कचेरीत, आणि दोघं जेवायला एका पंक्तीला. आईनं तुम्हाला विचारलं होतं, "मग भांडण झालं तर दाद कोणाकडे मागायची?" तुम्ही म्हणालात, "ज्यांचं जेवण झालेलं असेल त्यांच्याकडे, आत्याबाई." आई त्यावर दोन दिवस हसत होती. आमच्या धारच्या घरात तुम्ही तेवढ्या एका उत्तरावर जिंकलात.

त्याच खेपेला तुम्ही मला आणि धोंडीला न्यायला आला होतात. माझ्या वडिलांनी कोनाड्याचं जुनं सागवानी दार काढून टाकलं होतं, ते तुम्ही पाहिलंत आणि पुढं तुमचं कशातच लक्ष लागेना. शेवटी ते दार आपल्याबरोबर टांग्यात आलं. टांगेवाला कुरकुरला, "भिया, सवारी बैठेगी के लकडी?" मी अंग चोरून बसले, धोंडी मांडीवर, आणि दार तुमच्या गुडघ्यांवर आडवं. "मुलीला न्यायला आलात की फळीला?" असं मी विचारलं. तुम्ही फळीवरून हात फिरवत म्हणालात, "वहिनी, हे सागवान तुमच्या वडिलांपेक्षा म्हातारं आहे. आता फुगणार नाही आणि आता चिरणार नाही." त्या दाराचा तुम्ही उंदीर धरायचा पहिला पिंजरा केलात.

तो करताना मी समोर भाजी निवडत बसायची. एवढीशी लांबट पेटी. पण तुम्ही तिला कितीतरी दिवस लावलेत. खिळा वापरायचा नाही हा तुमचा हट्ट. "खिळा गंजतो, सांधा सैल पडतो," असं तुम्ही सांगायचात. खरं कारण असं की हातोडी नेमकी तुमच्या बोटावर बसायची. सरसही नको, कारण तो कातड्याचा, आणि सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्या चुलीपाशी सरस शिजवायची कोणाची छाती नव्हती. म्हणून मग एका फळीच्या टोकाला दात काढायचे, दुसऱ्या फळीत तेवढीच घरं पाडायची आणि दोन्ही एकमेकांत बसवायची. बसलं नाही की पटाशीनं केसभर तासायचं, पुन्हा बसवायचं. मागच्या अंगाला बांबूच्या कामट्या, पुढं वरून खाली पडणारं दार, त्या दाराला दोन्ही बाजूंनी खाच. आत खोबऱ्याचा तुकडा टांगला, उंदरानं तो ओढला की दोरी निसटायची आणि दार खाली. पहिल्यांदा दार पडलं तेव्हा धोंडी दचकून रडली, आणि तुम्ही तिला घेऊन अंगणभर फिरलात.

मला वाटलं होतं उंदीर धरायचा तो मारण्यासाठी. तुम्ही म्हणालात, गणपतीच्या वाहनाला कोण मारणार? तुम्ही पिंजऱ्यावर उपरणं टाकायचात आणि कचेरीला जाता जाता रस्ता ओलांडून पलीकडच्या ओस धान्यकोठाराच्या मागं उंदीर सोडायचात. जिवंत उंदीर घराबाहेर गेला, म्हणजे तो घरात पडणार नाही. घरात पडला नाही तर थोरल्या पातीचा माणूस घर रिकामं करायला सांगणार नाही. घर रिकामं झालं नाही तर धोंडी झोपडीत जाणार नाही. हे तुम्ही मला एखादं गणित सुटावं तसं समजावलंत. तुम्ही ते माझ्यासाठी केलंत. मी घाबरते म्हणून केलंत.

आपला वाद तिथंच सुरू झाला. मी विचारलं, "पलीकडं माणसं राहत नाहीत का?"

"कोठार ओस आहे."

"उंदीर कोठारात बसून राहील का?"

"वहिनी, उंदराला पाती कळते का?"

"उंदराला नाही कळत. तुम्हाला कळते. म्हणूनच पलीकडं नेऊन सोडता."

यावर तुम्ही रंधा घेऊन बसलात. तुमच्या लग्नाची गोष्ट काढली तरी तुम्ही रंधाच घ्यायचात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उपरणं टाकून निघालात आणि मला हायसं वाटलं, हेही खरं आहे.

मग अर्ध्या शेपटीचा उंदीर आला. तो धरून तुम्ही नेऊन सोडलात, आणि काही दिवसांनी तोच पुन्हा आपल्या पिंजऱ्यात. पुन्हा सोडलात, पुन्हा हजर. तुम्ही त्याचं नाव कारभारी ठेवलंत. म्हणालात, दोन्ही दरबारांत वशिला असलेला गावात हा एकटाच. हेसुद्धा हसले. मला हसू आलं नाही. तो आपल्या पायांनी येत होता की कोणी त्याला उपरण्याखाली झाकून आपल्याकडे आणून सोडत होतं? कारण तोवर तुमचे पिंजरे रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाले होते. पलीकडची जमनाबाई तेलीण दारात येऊन म्हणाली होती, "भिया, म्हारा घर वास्ते बी एक पिंजरो बणई दो नी. छोरी नानी है, डर लागे." तिची नात आपल्या धोंडीएवढी. तुम्ही तिला आंब्याच्या फळीचा करून दिलात. मग तिच्या शेजाऱ्याला, मग आपल्या शेजाऱ्याला. तुमच्या हाताला कधी नव्हे ते यश आलं होतं, आणि तुम्ही इतके खुशीत होता की माझी शंका मी गिळली.

त्या दुपारी तुम्ही कचेरीतून लवकर आलात. हात-पाय न धुता मागच्या खोलीत गेलात, जिथं तुमची हत्यारं असायची, आणि आतून कडी लावलीत. मी हाक मारली तर म्हणालात, "वहिनी, पाणी उंबऱ्यावर ठेवा आणि मागं सरा. धोंडीला इकडं येऊ देऊ नका." तुमचा आवाज ऐकूनच मला कळलं, मरी तुम्हाला लागली.

दाराआडून तुम्ही जे सांगितलंत ते मी यांना अजून सांगितलेलं नाही. काही दिवसांपूर्वी सकाळी कणगीमागं उंदीर पडलेला तुम्हाला दिसला. पिंजऱ्यात नव्हे, बाहेर, उघड्यावर, आणि धोंडी रांगत रांगत त्याच्याकडे निघालेली होती. चिमटा कुठं आहे ते बघायला वेळ नव्हता. तुम्ही तो हातानं उचललात. मी तेव्हा न्हाणीत होते. नंतर तुम्ही तो उपरण्यात गुंडाळून नेऊन टाकलात आणि कोणालाच काही बोलला नाहीत, कारण बोललात की घर रिकामं करावं लागलं असतं.

"कुठं टाकलात?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"पलीकडं," तुम्ही म्हणालात.

मी दाराला डोकं टेकून रडले. तुम्ही आतून म्हणालात, "वहिनी, दाराला अंग लावू नका." मग थोड्या वेळानं, "पावसाळ्यात पिंजऱ्याचं दार अडकलं तर खाचेला मेण लावायचं. तेल नको, धूळ धरतं." हे तुमचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर तुम्ही बरळत होतात, कचेरीतली नावं घेत होतात, आणि एकदा आईला हाक मारलीत.

भावोजी, माझ्या मुलीचं मरण तुम्ही आपल्या हातानं उचलून बाहेर नेलात. हे उपकार कशानं फिटणार? फिटणारच नाहीत. पण मला रागही येतो. त्या सकाळी मला न्हाणीच्या दाराशी येऊन सांगितलं असतंत तर? मी काय म्हटलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते. माळावर चला म्हटलं असतं, की गुपचूप नेऊन टाका म्हटलं असतं? मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं मला मरीपेक्षा जास्त घाबरवतं. तुम्ही विचारलं नाहीत ते मला त्या उत्तरापासून वाचवण्यासाठी, असंही कधी वाटतं.

इथं माळावर पात्या नाहीत. दोन्ही बाजूंच्या लोकांना जागा मिळेल तसं बसवलंय, आणि आमच्या शेजारच्याच झोपडीत जमनाबाई आली आहे. तिचा मुलगा तुमच्या आधी गेला. सून माहेरी अडकली आहे, नाके बंद असल्यामुळं येऊ शकत नाही. माझे वडीलही धारहून म्हणूनच आले नाहीत. जमनाबाई आणि तिची नात, दोघीच. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं. मग तीच येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, एक वात कूं? हूं तो पिंजरो लई ने तमारा वाडा का पाछे छोडती थी." उंदीर ती आपल्याच वाड्यामागं सोडायची, जिथं माझी तुळस. मी तिला म्हटलं, आमचे भिया तुमच्या कोठारामागं सोडत होते. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "म्हने मालम थो." तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं आणि सगळा रस्ता सकाळी उपरणी पांघरून इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होता, एकमेकांना रामराम घालत. आम्ही दोघी त्यावर हसलो, भावोजी. रडून झाल्यावर हसलो. तुम्हाला ते आवडलं असतं.

आज सकाळी जमनाबाई लुगड्याच्या पदराखाली काही घेऊन आली. तिनं तुमचा आंब्याचा पिंजरा घरून आणला होता, मला माहीत नव्हतं. दार पडलेलं होतं आणि आत उंदीर होता. जिवंत, पण एका बाजूला कलून चालणारा, तोल गेल्यासारखा. धोंडी आणि तिची नात आमच्या दारात मातीत खेळत होत्या. जमनाबाईनं मला विचारलं, "अबे कां छोडां?"

आता कुठं सोडायचा? मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. इकडं झोपड्या, तिकडंही झोपड्याच. पलीकडं असं काही उरलंच नव्हतं. मी यांना हाक मारली आणि दोन्ही मुलींना आत घ्यायला सांगितलं. मग पिंजरा तिच्या हातून घेतला.

रांगेच्या टोकाला चुना कालवायचा हौद आहे, त्यात पावसाचं पाणी साचलेलं असतं. मला वाटलं, पिंजरा आत टाकला की काम झालं. पण लाकूड तरंगतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पिंजरा पाण्यावर डोलायला लागला आणि उंदीर वरच्या फळीला चिकटून नाक वर काढून राहिला. काठीनं दाबला तर काठी निसटायची, पिंजरा उलटा व्हायचा आणि पुन्हा वर यायचा. शेवटी मी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी तो पाण्याखाली दाबून धरला. आत धडपड चालली होती ती फळीतून माझ्या तळहातांना कळत होती. मला वाटत होतं आता एखादा सांधा सुटेल, आता कामटी निघेल आणि तो माझ्या हातावरून बाहेर येईल. मी मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणत होते आणि मधली ओळ मला आठवत नव्हती. पण भावोजी, एकही सांधा सुटला नाही. खिळा नाही, सरस नाही, आणि इतक्या ओढाताणीत एक दातही हलला नाही. धडपड थांबल्यावरही मी किती तरी वेळ हात काढले नाहीत.

वर काढला तेव्हा लाकूड फुगलेलं होतं. दार खाचेत असं आवळलं होतं की जमनाबाईनं आणि मी दोघींनी ओढूनही उघडलं नाही. मेण लावायला उशीर झाला होता. मग तो उंदरासकट वाळल्या काटक्यांवर ठेवला, घासलेट ओतलं आणि पेटवला. ओलं लाकूड लवकर पेट घेईना. जमनाबाई जवळ उभी होती. ती म्हणाली, "भिया को काम पक्को थो." मी म्हटलं, "हो. फार पक्कं." तुम्ही असताना हे तोंडातून निघालं नाही, ते असं निघालं.

आणि मग मी माझ्या हातांकडे पाहिलं. उजव्या मनगटावर ओरखडा होता. कामटीचा असेल. कामटीचाच असणार, उंदीर आत होता, त्याचं तोंड बाहेर येणं शक्यच नव्हतं. चुन्याच्या पाण्यानं धुतला, राखेनं घासला, पुन्हा धुतला. जमनाबाईला म्हटलं, तू जा, नातीला आमच्याच झोपडीत राहू दे, आणि मी आत गेले नाही. दाराबाहेर तट्ट्याला पाठ न लावता बसले आहे. हे लिहिते आहे तेही इथंच बसून. यांनी दौत आणि कागद तट्ट्याखालून सरकवले. आतून धोंडी मला हाका मारते आहे. मी बाहेरून तिला म्हणते, "राणी, इकडं येऊ नकोस. बाबांपाशी बस." माझा आवाज मी शांत ठेवला आहे. तिला वाटेल आई कामात आहे.

लोक म्हणतात तुम्ही धीराचे होता. कडी लावून आत बसलात आणि एकदाही तक्रार केली नाहीत. मीही तेच म्हणत होते. भावोजी, दाराच्या त्या बाजूला तुम्ही घाबरलेलेच होता, हो ना? मेणाचं बोलत होता तेव्हाही. मी बाहेर रडत होते आणि तुम्ही मला शांत आवाजात दार कसं सरकवायचं ते सांगत होता. ती भीती मी तेव्हा ओळखायला हवी होती. तुम्हाला कोणी तरी, आत येऊन नाही तर बाहेरूनच का होईना, "भिऊ नका" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. आता म्हणते.

यांनी आतून एकदाच विचारलं, "किती वेळ बाहेर बसणार?" मी म्हटलं, बघू. ओरखडा लाल आहे, पण ताज्या ओरखड्याभोवती लाल असतंच. ऊन माळावरून उतरायला लागलं आहे. धोंडीचा आवाज मघापासून येत नाही. निजली असेल. मी श्वास धरून ऐकते आहे, आत तिचा श्वास चालतो आहे का.